हॉलिसच्या ट्रकचा रॅक

बेकर्स फोर्ड, आयडाहो
१४ जून १९९८

एल्डन,

नमनाला घडाभर तेल घालत नाही. तू डोंगराच्या टोकावरच्या मनोऱ्यात वणवे हेरत बसला आहेस. तिथे फोन नाही, आणि रेडिओवर बोलावं तर सगळं खोरं कान लावून असतं. म्हणून पत्र. दर दहा दिवसांनी ऑरिन खेचरांवरून तुझं पाणी आणि शिधा वर नेतो, त्याच्याच थैलीत टाकते.

सिल्व्हर फोर्क नदीचा परवाना लागला.

वाचून झालं असेल तर खाली बस. एकोणीस वर्षं दर जानेवारीत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या सोडतीचा अर्ज भरत आले आणि एकोणीस वर्षं नकाराचं कार्ड येत राहिलं. या जानेवारीतही हात आपोआप चालला. हॉलिसला जाऊन तीन महिने झाले होते, तरी त्याचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मुख्य माणूस हॉलिस, बदली माणूस एल्डन. तुझी सहीही दरवर्षीसारखी मीच ठोकली. पाकीट पेटीत पडल्यावर लक्षात आलं की आपण मेलेल्या माणसाचा अर्ज भरला. लाजेने कुणाला सांगितलं नाही. आणि नेमकी याच वर्षी चिठ्ठी निघाली. अकरा ऑगस्ट, सकाळी नऊ.

नियम तुला माहीत आहे. पाण्यात उतरायच्या जागी जंगल खात्याचा माणूस उभा असतो. मुख्य नाहीतर बदली, दोघांपैकी एकाने स्वतः हजर राहायचं, ओळखपत्र दाखवायचं. मुख्य माणूस टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. उरलास तू. तू आलास तर परवाना खरा, नाहीतर तो कागद चुलीत घालायचा.

मला जायचं आहे. तीस वर्षं, परवाना लागत नाही अशा शरदातल्या दिवसांत, तुम्ही दोघं वरच्या टोकाला पाण्यात उतरलात, आणि मी रिकामा ट्रक घेऊन डोंगराला वळसा घालून खालच्या टोकाला तुमची वाट बघत थांबले. सगळ्यांच्या बायका तेच करतात, मीही केलं. रस्त्याचं प्रत्येक वळण मला पाठ आहे, नदीचं एकही नाही. एप्रिलपासून भाऊ वेंडेलबरोबर तळ्यावर ती फुगवायची राफ्ट वल्हवायला शिकते आहे. हाताला घट्टे पडलेत, दाखवीन.

आता अडचण एवढीच की राफ्ट, खाण्याच्या पेट्या, बर्फाची पेटी यांनीच ट्रकचा हौदा भरतो. बाकी सगळं हौद्याच्या वर बांधायला रॅक हवा, आणि हॉलिसचा रॅक गेल्या सप्टेंबरात चोरीला गेला, ते तुला ठाऊकच आहे. नवा मी स्वतः बसवणार आहे. कसा बसवायचा ते लिही. आणि येतो म्हणून लिही.

वर्ना


स्मोकी पॉइंट मनोरा
३० जून १९९८

वर्ना,

तुझं पत्र वीस तारखेलाच मिळालं. उत्तराला दहा दिवस लागले, कारण चित्रं काढायची होती. सोबत जोडली आहेत.

ट्रक तोच ना, शहाऐंशीचा निळा? हौद्याच्या दोन्ही कडांवर तीन तीन चौकोनी भोकं आहेत. मधलं सोड, पुढचं आणि मागचं वापर. त्यांत चार उभे पाय बसव. पाय भोकात खुळखुळता कामा नये, खुळखुळला तर पत्र्याची पाचर मार. पायांवर आडवे दांडे टाकलेस की दोन कमानी होतील, एक केबिनच्या पाठीशी, एक फाळक्याजवळ. केबिनच्या टपापेक्षा चार बोटं उंच ठेव. दोन्ही कमानी बाजूने लांब अँगलने एकमेकींना जोड, नाहीतर ब्रेक दाबलास की सगळं पुढे झुकेल. बोल्ट गंज न धरणारे घे. प्रत्येकाखाली वॉशर, वर दोन नट. पहिल्या वीस मैलांनंतर थांब आणि सगळे पुन्हा आवळ. मग पुन्हा वीस मैलांनी.

सगळ्यात महत्त्वाचं, केबिनला हात लावायचा नाही. माणसांना वाटतं ट्रक म्हणजे एकच वस्तू. तसं नाही. खाली चासी, तिच्यावर पुढे केबिन वेगळी आणि मागे हौदा वेगळा. खराब रस्त्यावर मागून बघ, केबिन एकीकडे डुलते आणि हौदा दुसरीकडे. मध्ये बोटभर फट सोडली आहे ती त्यासाठीच. रॅकचे चारही पाय हौद्यात हवेत. एक पाय केबिनवर आणि एक हौद्यात ठेवलास तर कुठेतरी काहीतरी तुटणार.

दांडे किती रुंद घेणार आहेस तेही कळव.

बाकी परवान्याचं. ऑगस्ट हा वणव्यांचा महिना. मनोरा सोडता येत नाही. परवाना परत कर, कुणाच्या तरी कामी येईल. वल्हवायला शिकलीस हे चांगलं केलंस.

एल्डन


बेकर्स फोर्ड
६ जुलै १९९८

एल्डन,

तीन पानं आणि चार चित्रं रॅकवर, आणि येण्याबद्दल साडेतीन ओळी. परवाना परतच करायचा तर मी रॅक कशाला बसवू, कपडे वाळत घालायला? तिथे वर बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुला छान जमतं.

आता हसून घे. तुझं ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे अर्धंच ऐकलं. वेंडेल म्हणाला, "ताई, वल्ही दहा फुटांची आहेत, पुढे लोंबकळतील. पुढचे दोन पाय केबिनच्या टपावर घे. एल्डनला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे." तो दिवसभर ट्रॅक्टर दुरुस्त करतो, मला वाटलं त्याला कळत असेल. टपाच्या पन्हाळीला चिमटे लावले, मागचे पाय हौद्यात रोवले, मध्ये अँगल आवळला. इतका घट्ट की हाताने हलवलं तर आख्खा ट्रक हलत होता. आम्ही दोघं एकमेकांची पाठ थोपटत होतो.

चार जुलैला तळ्याकडे निघालो. तो लाटालाटांचा मातीचा रस्ता तुला माहीत आहे. अकरा मैल झाले आणि डोक्यावर करकर सुरू झाली. वेंडेल म्हणाला, नवीन आहे, रुळेल. चौदाव्या मैलाला बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. टपाची पन्हाळ हातभर फाटली होती आणि मागच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. वेंडेलने खाली उतरून बघितलं आणि म्हणाला, "एल्डनला कळवू नकोस." म्हणून कळवते आहे.

तो रॅक उतरवला. आता तुझ्या चित्राप्रमाणे बसवते आहे, चारही पाय हौद्यात. दांडे बासष्ट इंच घेतले.

हॉलिसचा जुना रॅक असता तर यातलं काहीच झालं नसतं. शेतात पाणी द्यायच्या पाइपांपासून त्याने तो स्वतः बनवला होता, हिरवा रंग दिला होता. मला अजून नवल वाटतं. हौद्यात झाडं कापायची चेनसॉ पडली होती, नवी कोरी. चोराने तिला हात लावला नाही आणि भंगारासारखा रॅक तेवढा नेला. तुला काय वाटतं?

मला घरात बसवत नाही रे. सकाळी ट्रक चालू करते, पुलापर्यंत जाते, परत येते. दुपारी पुन्हा जाते. शेजारच्यांना वाटतं माझं काहीतरी हरवलं आहे.

येतो म्हणून लिही. या वेळी साडेतीन ओळींत भागणार नाही.

वर्ना


स्मोकी पॉइंट
१० जुलै १९९८

वर्ना,

ऑरिन खाली खेचरांना पाणी दाखवतो आहे तोवर लिहितो.

हसलो नाही. काचेचा तडा बाजूला आहे की नजरेसमोर? नजरेसमोर असेल तर आधी बदल. आणि वेंडेलला सांग, ट्रॅक्टरला केबिन आणि हौदा नसतो.

पण बासष्ट इंच कशाला? राफ्ट हौद्यात गुंडाळून जाणार. वर राहिली तिची लोखंडी चौकट आणि वल्ही. त्याला अठ्ठेचाळीस पुरतात. बासष्ट लागतात चौकटीशेजारी एकट्याने वल्हवायची कयाक ठेवायची असेल तर. हॉलिसची कयाक तू वसंतात विकलीस असं ऑरिन म्हणाला. मग ही कुणाची? तळ्यावर तुला शिकवायला वेंडेलशिवाय आणखी कुणी असतं का? असलं तरी माझी काही हरकत नाही, मी विचारणारा कोण. फक्त त्याला नदी येते का ते बघून घे. सिल्व्हर फोर्कवर तळ्यातली ऐट चालत नाही. आणि परवान्यावर नाव त्याचं नाही, हेही त्याला सांग.

रॅकच्या चोरीबद्दल मला काय वाटणार. चोर काय उचलेल ते चोरालाच ठाऊक.

इथे बरं चाललं आहे. मनोऱ्याभोवती लाकडी गॅलरी आहे, प्रत्येक बाजूला आठ पावलं, चार बाजू मिळून बत्तीस. काल किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. धूर कुठे दिसला नाही, तरी पाय थांबत नव्हते.

एल्डन


बेकर्स फोर्ड
१६ जुलै १९९८

एल्डन,

अरे मूर्खा, ती कयाक तुझी आहे. लाल. सहा वर्षं माझ्या कोठारात उंदीर तिच्यात संसार करताहेत. त्यांना हाकललं, ती धुतली, बूड तपासलं. राफ्ट मी वल्हवीन, तू कयाकमध्ये पुढे राहून वाट दाखवशील, हा माझा बेत पहिल्या दिवसापासूनचा आहे. म्हणून बासष्ट इंच. तुझं पत्र वाचून वेंडेल इतका हसला की त्याला ठसका लागला. या वयात तुला असले संशय सुचतात, म्हणजे तिकडे काम कमी आहे.

आता हसणं पुरे. तुला कधी विचारलं नाही ते विचारते. हॉलिसच्या अंत्यविधीला तू का आला नाहीस?

चर्चमध्ये मी पहिल्या रांगेत तुझ्यासाठी जागा ठेवली होती. माझ्या चुलतसासूला बसू दिलं नाही, अजून ती माझ्याशी धड बोलत नाही. लोक विचारत होते, एल्डन कुठे आहे. मी म्हणाले, वाटेत असेल. तू नेवाडात विजेचे खांब रोवत होतास म्हणे, सहा तासांच्या अंतरावर. मग वसंतात परस्पर मनोऱ्यावर निघून गेलास. मी तुला बत्तीस वर्षं ओळखते. विजेचे खांब झाले, सफरचंदाच्या बागा झाल्या, बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणारे पाळणे झाले, एका जागी तू वर्षभर टिकलेला मला आठवत नाही. पण जिथून गेलास तिथून आमच्या स्वयंपाकघरात परत यायचास. या वेळी नाही आलास. त्याच्या शेवटच्या तीन आठवड्यांतही नाही आलास.

याचं उत्तर दे. मग अकरा ऑगस्टचं बोलू.

वर्ना


बेकर्स फोर्ड
२८ जुलै १९९८

एल्डन,

वीस तारखेला ऑरिन रिकाम्या हाताने खाली आला. विचारलं, पत्र? म्हणाला, "दिलं नाही. मला कॉफीही विचारली नाही. सगळा वेळ गॅलरीत गोल गोल फिरत होता, माझं खेचर बिचकलं."

रॅक बसला आहे. चाळीस मैल चालवून आणला, दोनदा बोल्ट आवळले, कुठे करकर नाही. चौदा दिवस उरले.

वर्ना


स्मोकी पॉइंट
३० जुलै १९९८

वर्ना,

ऑरिनला सांगितलं आहे की हे पत्र हातात पडल्याशिवाय खाली जाऊ नकोस. तो बाहेर बसून शिव्या देतो आहे.

रॅक मी नेला.

लिहिलं एकदाचं. दहा महिने हे वाक्य माझ्या डोक्यात आहे आणि त्याच्यामुळे मला एक दिवस स्वस्थ बसवलेलं नाही. आता पुढचं सांगतो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

तुला आठवत असेल, सप्टेंबरात तू मला फोन केला होतास. डॉक्टर म्हणाले होते की त्याचं हृदय आता एक तृतीयांशच चालतं. आणि हा बाबा शरदात एकदा नदीवर जायचं म्हणून वल्ह्यांना तेल लावत बसला होता. तू रडत होतीस. म्हणालीस, माझं ऐकत नाही, तू काहीही कर पण त्याला थांबव. मी त्याला दोनदा सांगून बघितलं. तो म्हणाला, "मरायचंच तर ओला होऊन मरेन." आणि दात काढून हसला. त्या माणसाशी मी आयुष्यात एक वाद जिंकलेलो नाही.

म्हणून एकवीस सप्टेंबरला, रविवारी, तुम्ही चर्चला गेला असाल अशा वेळी आलो. ट्रक आवारात होता. पाना घेऊन वर चढलो आणि बोल्ट काढले. अकरा हिवाळ्यांचे बोल्ट होते, मला वाटलं होतं करवतीने कापावे लागतील. एकेक लोण्यासारखा निघाला. तेव्हा मनात आलं की देवालाही हेच हवं असणार. रॅक माझ्या गाडीत घातला, शंभर मैलांवरच्या भंगारवाल्याच्या कुंपणाआड टाकला आणि तसाच नेवाडाला गेलो. रॅक नसेल तर होडी जाणार नाही, होडी गेली नाही तर तो जगेल, एवढा साधा हिशोब होता.

तेवीस दिवसांनी तो गेला. खुर्चीत. कोरडा.

मी त्याला काय दिलं, वर्ना? तेवीस दिवस खुर्ची दिली आणि त्याबदल्यात नदी घेतली. तो हरवलेला रॅक शोधत असेल, पोलिसांना सांगत असेल, आणि मी त्याच्यासमोर बसून "कुणी नेला असेल बरं" म्हणायचं? ते जमलं नसतं. म्हणून आलो नाही. नंतर तर कोणत्या तोंडाने येणार होतो. चर्चच्या पहिल्या रांगेत मी चोर म्हणून बसलो असतो.

तुला रॅक बसवायला शिकवला, कारण तेवढं तरी माझ्या हातून परत व्हावं असं वाटलं. पण त्याच्या नावाच्या परवान्यावर, त्याच्या नदीवर मी उतरू शकत नाही. वणव्यांचं कारण खोटं होतं, या वर्षी रान ओलं आहे. माझी यायची लायकी नाही म्हणून येत नाही. तू दुसरं कुणी बघ. परवान्याला दुसरं कुणी चालत नाही हे मला माहीत आहे. त्याबद्दलही माफ कर.

एल्डन


स्मोकी पॉइंटच्या पायवाटेचं तोंड
१० ऑगस्ट १९९८, सकाळचे सहा

एल्डन,

तुझं पत्र मी दहा दिवस जवळ ठेवून फिरले. आता ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून उत्तर लिहिते आहे. ऑरिन खेचरांवर ओझं लादतो आहे, दहा वाजेपर्यंत हे तुझ्या हातात असेल.

रॅक तू नेलास हे मला त्याच दिवसापासून माहीत आहे.

त्या रविवारी चर्चला मी एकटी गेले होते. हॉलिस घरी होता, स्वयंपाकघराच्या खिडकीत, कॉफीचा पेला घेऊन. मी परत आले तर हा माणूस खुर्चीत बसून हसतो आहे. मला वाटलं, झटका आला. म्हणाला, "वर्ना, तुझा एल्डन येऊन गेला. चोर म्हणून त्याचं काही खरं नाही. डाव्या हाताचा पाना उजव्यात घेतो, गुडघा टपावर टेकतो. दोनदा पडता पडता वाचला."

बोल्ट लोण्यासारखे निघाले म्हणतोस. निघणारच. त्याआधी तीन दिवस हॉलिस रोज दुपारी काठी टेकत बाहेर जायचा आणि त्यांच्यावर गंज सोडवायचं तेल ओतायचा. मी विचारलं तर म्हणाला, जरा डागडुजी करतोय. तो तुला ओळखत होता. मी फोन केला हे त्याने ऐकलं होतं, आता एल्डन काहीतरी आचरटपणा करणार, आणि तो काय करणार, हे त्याने ताडलं होतं. त्याला नदी झेपणार नव्हती, एल्डन. जिना झेपत नव्हता. पण "मी आता जाऊ शकत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून निघेना. तुझ्या हातून रॅक गेला आणि त्याची सुटका झाली. नंतर त्याने मोठ्या थाटात पोलिसाला बोलावलं, तक्रार लिहून दिली, पाइपांची लांबी इंचात सांगितली. पोलीस गेल्यावर पोट धरून हसला. दोन दिवस तो इतका आनंदात होता की मला वाटलं, डॉक्टर चुकले.

मग तो तुझी वाट बघायला लागला.

रोज सकाळी मला दोन पेले काढायला लावायचा. म्हणायचा, आज येईल. येऊन म्हणेल, अरेरे, कुणी नेला रे रॅक, आणि मी त्याचं तोंड बघेन. गाडीचा आवाज आला की खुर्चीतून अर्धा उठायचा. पहिल्या आठवड्यात तो हसत वाट बघत होता. दुसऱ्या आठवड्यात गप्प होता. शेवटच्या आठवड्यात म्हणाला, "त्याला खरंच वाटलं की काय मी चिडलो असेन म्हणून?" मी नेवाडात तुझ्या मुकादमाकडे तीनदा निरोप ठेवला. तुला मिळाले होते, नाकारू नकोस.

म्हणून नीट ऐक. रॅक नेलास याचा मला राग नाही. तो तर मीच तुला न्यायला लावला, नदी घेतली असेल तर आपण दोघांनी घेतली, आणि ज्याची घेतली त्यानेच बोल्टना तेल घातलं. मला राग आहे तो तेवीस दिवसांचा. तो थांबला आणि तू आला नाहीस. तुला वाटलं हॉलिसला नदी हवी होती. त्याला तू हवा होतास. हे मी तुला उन्हाळाभर सांगितलं नाही. चोरी झाली, चोरी झाली असं लिहीत राहिले, कारण तुझ्या तोंडून निघायला हवं होतं. निघायला सात आठवडे लागले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आपण दोघंही सारखेच.

आता आजचं. ऑरिनबरोबर मिस टिबेट्स वर येते आहे, शाळेत भूगोल शिकवायची ती. तुझ्या साहेबांना भेटून मी आठ दिवसांसाठी तिची सोय केली आहे. तू आलास तरी ती मनोऱ्यावर राहील, नाही आलास तर तुम्ही दोघं भूगोल शिका. खालच्या टोकाला ट्रक ऑरिनची बायको आणून ठेवेल. सगळं सामान भरलं आहे. ट्रक वाटेच्या तोंडाशी मोकळ्या जागेत उभा केला आहे, तुझ्या दुर्बिणीतून दिसेल.

उतरायच्या जागेपर्यंत इथून पाच तास लागतात, आणि तो डोंगराचा रस्ता मी अंधारात चालवणार नाही. म्हणून दोन वाजेपर्यंत थांबते. वर चढून तुला कानाला धरून आणता आलं असतं, पण ते मी करणार नाही. तू आला नाहीस तर नदीवर जाणार नाही. घरी जाईन, रॅक उतरवीन, आणि पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही. रागाने नव्हे. एकाला वाट बघताना मी पाहिलं आहे, मला तसं म्हातारं व्हायचं नाही.

वर्ना


स्मोकी पॉइंट
१० ऑगस्ट, सव्वाअकरा

वर्ना,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. मिस टिबेट्सने मला तिचा रुमाल दिला आणि गॅलरीत जाऊन दुसरीकडे बघत उभी राहिली. चांगली बाई आहे.

निरोप मिळाले होते. तिन्ही. खिशात ठेवले होते.

दुर्बिणीतून ट्रक दिसतो आहे. लाल कयाक उजवीकडे बांधलीस, बरोबर केलंस. रॅक सरळ आहे, तुझा हात चांगला आहे. तू फाळक्यावर बसली आहेस, मग उठतेस, ट्रकला फेरी मारतेस, पुन्हा बसतेस. अर्धा तास बघतो आहे.

थैली भरली. मिस टिबेट्सला रेडिओ दाखवला. हा कागद ऑरिनकडे देतो, त्याची खेचरं माझ्या आधी खाली पोचतील. मला खेचरावर बसवत नाही आणि उतारावर माझे गुडघे भरवशाचे नाहीत. कितीही ओढलं तरी दोनला पोचत नाही. तीन होतील.

मी कुणासाठी कधी थांबलो नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी मागतो. एक तास जास्त थांब. मी निघालो आहे.

एल्डन